वॉल्टर टल : दंतकथा वेगळी, कागद वेगळे

प्रश्न असा आला आहे: "वॉल्टर टल हा फुटबॉलपटू ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी होता आणि केवळ वर्णामुळे त्याचा मिलिटरी क्रॉस दाबला गेला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. यात खरं किती?"

आधी उत्तर देऊन टाकतो. पहिला तो नव्हता. मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकासाठी त्याची शिफारस झाली होती असं त्याच्याच बटालियनमधल्या एका अधिकाऱ्याने पत्रात लिहिलंय, पण शिफारशीचा सरकारी कागद नाही. आणि कागद नाही एवढ्यावरून तो कुणी दाबला असंही ठरत नाही. आता लांबण लावतो, कारण या दोन दाव्यांच्या नादात माणूस बाजूलाच राहतो.

मी गेली वीसेक वर्षं पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची कागदपत्रं शोधून देतो. येणारे बहुतेक सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे. "पणजोबा बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत, घरात एक पितळी चकती आहे," इथून सुरुवात होते. ही चकती, खरं तर काशाची, युद्धात गेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली. टलच्या वाटेला मी असाच गेलो, दुसऱ्याच कुणाला तरी शोधताना. आणि कबूल करतो, सुरुवातीला एका व्याख्यानात मीही 'पहिला कृष्णवर्णीय अधिकारी' असं ठोकून दिलं होतं. श्रोत्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून हे प्रकरण सोडलेलं नाही.

वॉल्टर डॅनियल जॉन टल. जन्म २८ एप्रिल १८८८, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं फोकस्टन. वडील डॅनियल हे बार्बेडोसचे, धंद्याने सुतार. डॅनियलचे वडील उसाच्या मळ्यावर गुलाम होते. म्हणजे गुलामगिरी आणि आपला हा फुटबॉलपटू यांच्यात फक्त एक पिढी. आई अ‍ॅलिस केंट परगण्यातलीच, गोरी. ती १८९५ साली कर्करोगाने गेली. वडिलांनी तिच्याच नात्यातल्या क्लाराशी लग्न केलं आणि डिसेंबर १८९७ मध्ये तेही हृदयविकाराने गेले. क्लाराच्या पदरात सगळी पोरं. ती एकटी किती पुरी पडणार? वॉल्टर आणि त्याचा मोठा भाऊ एडवर्ड यांना १८९८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये बेथनल ग्रीनच्या मेथडिस्ट अनाथाश्रमात धाडलं. वॉल्टर तेव्हा नऊ वर्षांचा.

दोन वर्षांत भाऊही लांब गेला. आश्रमातली मुलं गायनाचे कार्यक्रम करत फिरत, देणग्या जमवत. त्यातूनच ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबाने एडवर्डला दत्तक घेतलं आणि पुढे तो दंतवैद्य झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला आणि छपाईचं काम शिकला. खिळे जुळवणारा पोरगा, पोट भरण्याची सोय झालेली. फुटबॉल आश्रमाच्या संघात खेळायचा.

१९०८ मध्ये तो क्लॅप्टन या हौशी क्लबात गेला. पुढच्याच वर्षी क्लॅप्टनने अ‍ॅमेच्युअर कप जिंकला, अंतिम सामन्यात ईस्टन युनायटेडला ६-० ने धुतलं. त्याच हंगामात लंडनचे आणखी दोन कप घरी आणले. 'फुटबॉल स्टार' या वर्तमानपत्राने त्याला हंगामात गळाला लागलेला सगळ्यात मोठा मासा म्हटलं. टॉटनहॅम हॉटस्परने, म्हणजे स्पर्सने, त्याला लगेच उचलला आणि १९०९ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिना-उरुग्वेच्या दौऱ्यावर नेला. सही करताना १० पौंड आणि पगार आठवड्याला ४ पौंड. तेव्हा इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती आणि ती एवढीच होती. कितीही मोठा खेळाडू असो, कागदोपत्री ४ पौंडांच्या वर जायचं नाही.

स्पर्स त्याच वर्षी पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, चढले होते. सप्टेंबर १९०९ मध्ये सुंदरलँडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात टल मैदानात. घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडशी २-२ बरोबरी झाली, त्यात टलला पाडल्यामुळे स्पर्सला पेनल्टी मिळाली. खेळ अंगावर येणारा नव्हता. थंड डोक्याने चेंडू घ्यायचा, मोकळा सहकारी बघायचा, नेमका पास द्यायचा.

मग २ ऑक्टोबर १९०९, ब्रिस्टल. प्रतिस्पर्धी ब्रिस्टल सिटी. प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने सामनाभर त्याच्या रंगावरून शिव्यांचा भडिमार केला. हे आपल्याला कळतं ते त्याच 'फुटबॉल स्टार'च्या वार्ताहरामुळे. त्याने लिहिलं की या लोकांची भाषा बिलिंग्जगेटच्याही खालची होती. बिलिंग्जगेट म्हणजे लंडनचा मासळी बाजार, तिथल्या शिव्या नामांकित. वर असंही लिहिलं की मनाने आणि खेळाने टल इतका स्वच्छ आहे की फुटबॉल खेळणाऱ्या कुठल्याही गोऱ्याने त्याचा कित्ता गिरवावा. १९०९ साली हे छापून आलं याचं मला दर वेळी नवल वाटतं. मैदानातला सगळ्यात चांगला आघाडीवीर तोच होता, हेही त्याने नोंदवलं.

त्यानंतर क्लबने त्याला पहिल्या संघात फार क्वचित घेतलं. स्पर्ससाठी एकूण १० सामने, २ गोल. क्लब घाबरला, असा अर्थ बरेच जण काढतात. मलाही तसंच वाटतं, पण ते माझं वाटणं आहे. क्लबच्या इतिवृत्तात 'शिव्यांमुळे वगळला' असं वाक्य कुणी लिहीत नसतं.

ऑक्टोबर १९११ मध्ये तो नॉर्थॅम्प्टन टाउनला गेला. हा सदर्न लीगमधला संघ, म्हणजे एक पायरी खाली. पण तिथला मॅनेजर होता हर्बर्ट चॅपमन. हडर्सफील्ड आणि आर्सेनल यांना पुढे ज्याने मोठं केलं तोच. चॅपमनने टलला हळूहळू आघाडीवरून मागे, विंग-हाफच्या जागी आणला. खेळ वाचणाऱ्या माणसाला खेळ समोर दिसेल अशी जागा. तिथे तो फुलला. १११ सामने, ९ गोल. त्याला कुठला क्लब आपला म्हणायचा असेल तर तो नॉर्थॅम्प्टन. स्पर्सचं नाव मोठं म्हणून लोक स्पर्सच सांगतात, एवढंच.

इथे आणखी एक 'पहिला' मोडून ठेवतो. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये गोलकीपरखेरीज खेळलेला पहिला कृष्णवर्णीय म्हणूनही टलचं नाव घेतात. त्याच्या आधी १९०१ मध्ये विली क्लार्क अ‍ॅस्टन व्हिलाकडून खेळला होता. गोलकीपर आर्थर व्हॉर्टन तर त्याहूनही आधीचा.

आता युद्ध. ऑगस्ट १९१४ मध्ये ते सुरू झालं तरी फुटबॉलचा हंगाम चालूच राहिला. त्यावरून वर्तमानपत्रांनी झोडपलं: पोरं तिकडे मरताहेत आणि हे पगार घेऊन चेंडू लाथाडताहेत. शेवटी १५ डिसेंबर १९१४ ला लंडनमध्ये फुलम टाउन हॉलमध्ये सभा झाली आणि मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन उभी राहिली. लोक तिला फुटबॉल बटालियनच म्हणत. पहिलं नाव फुटबॉलपटू फ्रँक बकलीने दिलं. आठवड्याभरात, २१ डिसेंबरला, टलने नाव नोंदवलं. नॉर्थॅम्प्टनच्या संघातून भरती झालेला तो पहिला खेळाडू. हा 'पहिला' मात्र खरा आहे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बटालियन फ्रान्सला पोचली. टल तोवर सार्जंटच्या पायरीला लागला होता. जानेवारी १९१६ मध्ये त्याने भावाला लिहिलेलं एक पत्र आहे. आघाडीमागे विश्रांती घेण्याचा भयंकर कंटाळा येतो, पोरांना खंदकच बरे वाटतात, असं त्यात आहे. आणि त्याच वसंतात तो कोसळला. एप्रिल-मे १९१६ मध्ये इस्पितळात, नोंद 'तीव्र उन्माद'. युद्धाच्या धक्क्याने मन कोसळणं, ज्याला शेल शॉक म्हणत, त्यातलाच हा प्रकार. त्याला इंग्लंडला परत पाठवलं.

टलच्या गौरवगाथा या नोंदीवरून भरधाव निघून जातात. नायकाच्या चरित्रात 'उन्माद' हा शब्द बसत नाही ना. मी मात्र इथेच थांबतो. कारण काही महिन्यांनी, सॉमची लढाई चालू असताना, हाच माणूस परत फ्रान्सला गेला. काय असतं ते आता त्याला माहीत होतं. डिसेंबर १९१६ मध्ये खंदकतापाने पुन्हा आजारी पडला. खंदकताप म्हणजे अंगावरच्या उवांमुळे होणारा ताप. उठल्यावर त्याला परत आघाडीवर न पाठवता अधिकारी प्रशिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये गेल्सला पाठवलं. ३० मे १९१७ ला तो सेकंड लेफ्टनंट झाला.

आता मूळ प्रश्न. कमिशनसाठी, म्हणजे अधिकारीपदाच्या नेमणुकीसाठी, उमेदवार 'शुद्ध युरोपियन वंशाचा' असावा ही अट होती आणि अर्जाच्या छापील नमुन्यातच तसा प्रश्न होता. मग टल अधिकारी झालाच कसा? याचं उत्तर कुठल्या एका उदार सेनापतीत शोधू नका. सॉमनंतर सेकंड लेफ्टनंट पत्त्यांसारखे पडत होते, कारण हल्ल्यात सगळ्यात पुढे तेच असत. कनिष्ठ अधिकारी मिळेनात, तेव्हा सैन्याने अनुभवी सार्जंटांना प्रशिक्षणाला पाठवायचं धोरण धरलं. शिफारस करायचा तो कमांडिंग ऑफिसर. ज्याच्या हाताखाली हा माणूस लढला त्याला तो कामाचा वाटत होता. अर्जातल्या त्या रकान्याकडे वरच्यांनी काणाडोळा केला. नियम बदलला नाही, नियमाकडे बघायचं टाळलं. आपल्याकडच्या कचेऱ्यांत निम्मी कामं अशीच होतात, त्यामुळे मला यात काही अद्भुत वाटत नाही.

काणाडोळा टलच्या आधीही झाला होता. जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमंड मे १९१५ मध्ये तोफखान्यात अधिकारी झाला. त्याने त्या रकान्यात 'होय, युरोपियन वंशाचा' असं लिहिलं आणि तो डिसेंबर १९१६ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. जमैकाचाच डेव्हिड क्लेमेटसन ऑक्टोबर १९१५ मध्ये अधिकारी झाला, सप्टेंबर १९१८ मध्ये तोही गेला. टलला 'पहिला' म्हटलं की ही दोन नावं पुसली जातात. माझा आक्षेप एवढ्यासाठी आहे.

आपल्या लोकांचं तेव्हा काय चाललं होतं, हेही जाता जाता सांगतो. भारतीय शिपाई चढत चढत सुभेदार-मेजर व्हायचा आणि तिथे छप्पर. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार म्हणून आपल्याला 'सुभेदार' हा शब्द भारदस्त वाटतो आणि तो होताही. पण कालच बोटीतून उतरलेला गोरा सेकंड लेफ्टनंट त्या सुभेदाराच्या वर. राजाचं कमिशन भारतीयांना खुलं होत असल्याची घोषणा भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटमध्ये केली ती २० ऑगस्ट १९१७ ला, आणि तेव्हा नावं होती नऊ. टलच्या नेमणुकीनंतर तीनच महिन्यांनी. ज्या युद्धाने माणसं खाल्ली त्यानेच जागा रिकाम्या केल्या.

नवा अधिकारी टल मिडलसेक्सच्याच २३ व्या बटालियनमध्ये गेला. ही दुसरी फुटबॉल बटालियन. बेल्जियममधल्या इप्रचा चिखल बघून झाला आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये बटालियन इटलीला रवाना झाली, कारण कापोरेट्टोला इटालियन सैन्याची दाणादाण उडाली होती. तिथे पियावे नदीच्या काठावर, १९१८ च्या नववर्षाच्या रात्री, टलने २६ जणांना घेऊन नदी ओलांडली. जानेवारीतली डोंगरातून येणारी नदी, अंधार, पलीकडून गोळीबार. मुख्य तुकडीला आड देणारी माणसं त्याने पलीकडे नेली आणि सगळीच्या सगळी परत आणली. एकही जखमी नाही. डिव्हिजनचे जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या धैर्याची आणि थंड डोक्याची लेखी शाबासकी दिली. ब्रिस्टलच्या मैदानात जे डोकं थंड राहिलं तेच हे.

मिलिटरी क्रॉसचं प्रकरण इथून सुरू होतं. टल गेल्यावर त्याच्या बटालियनमधल्या पिकार्ड नावाच्या सेकंड लेफ्टनंटने एडवर्डला पत्र लिहिलं. त्याची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती आणि तो त्याचा हक्काचा होता, असं त्यात आहे. पत्र खरं आहे. पण सांत्वनाचं पत्र पुरावा म्हणून वाचताना हात आखडता घ्यावा लागतो. मी अशी शेकडो वाचलीत. सगळेच शूर असतात, सगळेच सैनिकांचे लाडके असतात आणि जवळपास सगळ्यांना झटकन, यातना न होता मरण येतं. पिकार्ड खोटं बोलला असं मी म्हणत नाही. शिफारशीइतका नेमका तपशील कुणी उगाच रचत नाही, त्यामुळे माझं झुकतं माप त्याच्याकडे आहे.

मग सरकारी कागद कुठे गेला? सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा युद्ध कचेरीचं कागदपत्रांचं गोदाम जळालं. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवानोंदींचा मोठा हिस्सा त्यात गेला, पदकांच्या शिफारशींचे कागदही बहुतांश गेले. जे वाचले त्यांना आम्ही 'जळके कागद' म्हणतो. कडा काळ्या पडलेल्या, आग विझवण्याच्या पाण्याने शाई फुटलेली, नेमकं नावाच्या जागी भोक. त्यामुळे 'शिफारस सापडत नाही' हे वाक्य गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बाबतीतही शंभरदा लिहावं लागतं. दुसरी अडचण नियमाची. मिलिटरी क्रॉस १९७९ पर्यंत मरणोत्तर देताच येत नसे. मरणोत्तर मिळायचे ते व्हिक्टोरिया क्रॉस किंवा सेनापतीच्या खलित्यातला उल्लेख. पियावेच्या रात्रीपासून टलच्या मृत्यूपर्यंत बारा आठवडेही नाहीत. शिफारस कुठल्यातरी टेबलावर असतानाच माणूस गेला असेल, तर कागद तिथेच थांबला असू शकतो. २०१८ मध्ये शंभराहून जास्त ब्रिटिश खासदारांनी त्याला आता तरी क्रॉस द्या अशी मागणी केली. मागणीत भावना होती, पण तिच्यासमोर ही दोन्ही कुलुपं होतीच.

वर्णाचा काहीच संबंध नव्हता का? असू शकतो. ज्या सैन्याच्या अर्जातच वंशाचा रकाना आहे तिथे तो प्रश्न विचारलाच पाहिजे. पण 'असू शकतो'च्या पुढे जायला आणखी कागद लागतो.

मार्च १९१८ मध्ये बटालियन फ्रान्सला परतली आणि २१ तारखेला जर्मनांची मोठी चढाई सुरू झाली. ब्रिटिश फळी मागे मागे रेटली गेली. २५ मार्चला बापोमजवळच्या फाव्रेय गावापाशी माघार चालू असताना टल पडला. तिसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. टॉम बिलिंगम नावाचा शिपाई त्याचा देह आणायला धडपडला. हा बिलिंगम लेस्टर फॉस या क्लबचा गोलकीपर. जर्मन अगदी अंगावर येत होते, त्याला जमलं नाही. देह कधीच सापडला नाही.

म्हणून टलला कबर नाही, भिंतीवर नाव आहे. फ्रान्समधल्या आरासच्या स्मारकावर त्याच्यासारख्या बेपत्ता झालेल्या जवळपास ३५,००० जणांची नावं कोरलेली आहेत. स्मारक लट्येन्सचं, दिल्लीचं इंडिया गेट ज्याने बांधलं त्याचंच. मँचेस्टर युनायटेडचा सँडी टर्नबुलही याच भिंतींवर आहे. १९०९ चा एफ. ए. कप त्याच्या एकमेव गोलवर जिंकला होता, हरलेला संघ ब्रिस्टल सिटी. १९१५ मध्ये सामना ठरवून खेळल्याबद्दल टर्नबुलवर जन्मभराची बंदी आली आणि ती उठली तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

नाव कोरलेलं असणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. साताऱ्याजवळच्या एका घरातले लोक पणजोबांचं नाव इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर शोधायला सांगत होते. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर गेलेल्या मराठा पलटणीतला शिपाई. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपायांचा मात्र रेजिमेंटवार नुसता आकडा. फोनवर हे सांगताना पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजींनी विचारलं, "मग चकतीवर तरी त्यांचंच नाव आहे ना?" होतं. त्या काशाच्या चकतीवर हुद्दा कुणाचाच घालत नसत, नुसतं नाव.

आरासच्या भिंतीवर मात्र हुद्द्यानुसार मांडणी आहे. तिकडे गेलात तर सातव्या खणात मिडलसेक्स रेजिमेंट गाठा. टल सार्जंट होता असं वाचून लोक सार्जंटांत बघतात, नाहीतर शिपायांच्या लांबलचक रांगा उगाच धुंडाळतात. तो वर आहे, सेकंड लेफ्टनंट या मथळ्याखाली, 'टी' अक्षरात.